बॅटरी कुठल्याही दुकानात मिळावी, एवढंच म्हणणं आहे

बावीस वर्षं इन्व्हर्टर-यूपीएस दुरुस्त करतोय. त्यामुळे बॅटरीवरची कुठलीही वस्तू घेताना डोक्यात आधी येतं, ही बॅटरी मेली की दुसरी कुठं मिळणार? घरच्या इन्व्हर्टरला कुठल्याही कंपनीची १२ व्होल्टची बॅटरी जोडा, त्याची तक्रार नसते. मला इलेक्ट्रिक स्कूटर तशी हवी आहे. वर आरटीओ पासिंगची आणि पन्नासनं तरी पळणारी, कारण आठवड्यातून दोनदा सांगलीहून तासगावला जावं लागतं. त्या रस्त्याला २५च्या स्पीडनं गेलो तर उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानंही हॉर्न मारावा.

पहिल्या शोरूममध्ये पोरानं सीट उचललं आणि मी खूशच झालो. खाली १२ व्होल्टच्या पाच लेड-ॲसिड बॅटऱ्या ओळीनं, नटबोल्टनं जोडलेल्या. माझ्या दुकानात रोज येतात तसल्याच.

"काका, लायसन नको, नंबरप्लेट नको."

म्हणजे मोटर २५० वॅटच्या आतली, वेग २५च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. एवढं पाळलं तर कायद्यानं ती मोटार वाहनच नाही. मी स्पीडचं विचारलं तसं त्यानं मोटरला करंट सोडणाऱ्या कंट्रोलरजवळची एक बारीक पांढरी वायर चिमटीत धरून दाखवली. "ही काढली की पंचेचाळीस पळती."

ती वायर काढली की सूटही गेली. मग ती पासिंग नसलेली, विमा नसलेली मोटारगाडी. कुणाला धडकलो तर भरपाई खिशातून. शिवाय हिशेबही बसत नाही: पंचेचाळीसला सपाटीवर साधारण दीड किलोवॅट लागणार, म्हणजे ६० व्होल्टला २५ अँपिअर. तिथल्या २४ एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे साठवण) लेड-ॲसिडमधून इतका करंट ओढला तर ती निम्म्या-पाऊण कपॅसिटीत मान टाकते. तासगावला पोचेन, पण परत यायचं कसं?

पासिंगच्या, हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्या बघितल्या. त्या लिथियमवर चालतात आणि पळतात झकास. पण बॅटरीतला बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारं सर्किट, आणि गाडीचा कंट्रोलर एकमेकांशी बोलतात. दुसरी बॅटरी लावली आणि ओळख पटली नाही तर गाडी जागची हलत नाही. व्होल्टेज तेच, प्लग तोच, तरी नाही.

मी स्वतः एलएफपीचे (लिथियमचाच एक प्रकार) २० सेल सिरीजमध्ये लावून ६४ व्होल्टचा पॅक बांधू शकतो. इन्व्हर्टरसाठी बांधलेतही. पण गाडीत घातला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, म्हणजे मंजूर गाडीत परस्पर फेरफार. २०२० साली केंद्रानं बॅटरीशिवाय गाडी विकायला आणि पासिंग करायला परवानगी दिली, तेव्हा मला वाटलं, आलं आपलं राज्य! परिपत्रक नीट वाचलं तर गाडीच्या नमुन्याबरोबर बॅटरीचीही मंजुरी लागतेच. २०२२मध्ये स्कूटरी पेटल्या आणि एआयएस-१५६चे, म्हणजे बॅटरीच्या सुरक्षेचे, नियम आणखी कडक झाले. याला माझी हरकत नाही. फुगलेला सेल मी हातात धरलाय. पण सगळ्यांना एकाच मापाची, एकाच प्लगची मंजूर बॅटरी का नाही, याचं उत्तर मला कुठल्याच काउंटरवर मिळालं नाही.

आता एका गाडीवर येऊन थांबलोय. पासिंगची आहे आणि दोन बॅटऱ्या सुट्या निघतात. (तिसरा मजला, लिफ्ट नाही. बायकोनं आधीच सांगितलंय, "त्या तुम्हीच चढवायच्या.") डीलरला म्हटलं, "या बॅटरीची आजची सुटी किंमत आणि किती वर्षं मिळेल, ते लेटरहेडवर लिहून द्या." असं कुणी विचारत नाही म्हणाला. आत जाऊन फोन केला, वीस मिनिटांनी बाहेर आला आणि ब्रोशरच्या मागं बॉलपेननं फक्त किंमत लिहून दिली.

शिक्का नाही. सोमवारी परत जातोय.