आ-हा आणि आमचा चित्रकलेचा तास

स्मरणिकेसाठी लिही म्हटल्यावर बहुतेकांनी प्रार्थना, घंटा, कवायत आणि खाल्लेल्या छड्या यांवर लिहिलं असणार. मी त्यात भर घालत नाही. मला सांगायचंय ते एका इंग्रजी प्रेमगीताबद्दल. ते शाळेत कधी वाजलं नाही, पण मला कळलं ते शाळेत, चित्रकलेच्या तासाला. गाणं ‘टेक ऑन मी’, गाणारा बँड आ-हा. त्यातले तिघंही नॉर्वेचे, म्हणजे इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नव्हे. हे तेव्हा माहीत असतं तर मला केवढा धीर आला असता!

मी आठवीत होते. साल १९९२. कराडात केबल नवीन होती आणि स्टार टीव्हीच्या चॅनलांबरोबर एमटीव्ही दिसायचं. शेजारच्या काकूंकडे जोडणी होती. काका घरी नसले की आम्ही तीन-चार मुली तिथं जमायचो. एमटीव्हीवर ‘बघू नये’ असंच बरंचसं असायचं आणि आजीचं लक्ष असायचं. हे गाणं मात्र आजीच्या तपासणीतून सहीसलामत सुटलं, कारण त्यात चित्रं होती. मुलांचं काहीतरी असेल, असं तिनं धरून चाललं.

आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं, त्यामुळे शब्द जवळजवळ शून्य कळायचे. पण गोष्टीला शब्द लागतच नव्हते. हॉटेलात एक मुलगी एकटी बसली आहे, समोर कप आहे, हातात चित्रकथा आहे. (मुलगी, एकटी, हॉटेलात! आमच्यासाठी परदेश तिथंच सुरू व्हायचा.) चित्रकथेतला मोटरसायकल शर्यतीचा नायक तिला डोळा मारतो आणि पानातून पेन्सिलनं काढलेला हात बाहेर येतो. ती तो धरते आणि आत जाते. इकडे वेट्रेसला वाटतं, पोरगी बिल बुडवून पळाली. ती पुस्तक चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकते. आत मग दोन गुंड मोठा पाना घेऊन त्या दोघांच्या मागे लागतात. कागदाच्या भिंती, बोळ संपलेला. नायक कागद फाडून तिला बाहेर काढतो आणि स्वतः गुंडांसमोर उभा राहतो. इथं आमच्यातली एक दर वेळी हुंदका द्यायची. दर वेळी.

काकूंचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. मूळ व्हिडिओत खरं जग रंगीत आणि चित्रातलं जग काळं-पांढरं आहे, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. आम्हाला दोन्ही जगं राखाडीच. चित्रात शिरल्यावर दोघं एका चौकटीच्या दोन बाजूंना उभी राहतात, चौकटीतून खरी माणसं दिसतात आणि बाहेर नुसत्या रेषा. ते सगळं आम्ही रेषेवरनं ओळखायचो: जिथं रेष थरथरते तिथं चित्र, जिथं थरथरत नाही तिथं खरं. रंगीत पाहणाऱ्यांचं लक्ष रेषेकडे एवढं गेलं असेल असं मला वाटत नाही.

ती थरथर का, हा प्रश्न मी चित्रकलेच्या सरांना विचारला. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी चालली होती, स्मरणचित्राचा तास होता. विषय ‘बाजार’ होता आणि मी बाजारात पुस्तक वाचणारी मुलगी काढली होती. सरांनी विचारलं, “ही कोण गं?” मी चाचरत सांगितलं. आता बोलणी बसणार असं वाटलं. सर म्हणाले, “ते पेन्सिलीचं गाणं होय? मीही बघतो.” वर्गाला धक्का बसला. सर टीव्ही बघतात इथवर ठीक, पण एमटीव्ही?

मग त्यांनी फळ्यावर खडूनं एक हात काढला. तो फडक्यानं झाकून शेजारी दुसरा काढला, तोही झाकून तिसरा. फडकी काढली तर तिन्ही हात सारखे, तरी बोटांच्या कडा कुठं ना कुठं वेगळ्या. “हे भराभर एकामागून एक दाखवले तर काय होईल? रेष हलेल. त्यांनी प्रत्येक चित्र नव्यानं काढलंय.” आणि पुढं म्हणाले, “पण चाल खरी माणसाची आहे. आधी फिल्म काढली असणार आणि वरून गिरवलं असणार.”

पुढच्या तासाला त्यांनी जुनी मासिकं आणली. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या माणसांचे फोटो शोधायचे, खिडकीच्या काचेवर धरायचे, वर पातळ कागद ठेवून गिरवायचे. मागच्या पानावरचा मजकूरही उजेडात उमटायचा, तो टाळून माणूस तेवढा उचलायचा. अर्धा वर्ग खिडक्यांना चिकटलेला असताना मुख्याध्यापिका बाई फेरीवर आल्या. “काय चाललंय?” “गिरवतायत,” सर म्हणाले. बाई गेल्या. प्रेमाबद्दल सर त्या दिवशी किंवा नंतरही अवाक्षर बोलले नाहीत. मात्र ‘असली गाणी बघू नका’ असंही कधी म्हणाले नाहीत, आणि त्या काळी हे कमी नव्हतं.

सरांचा अंदाज तंतोतंत बरोबर होता. या पद्धतीला रोटोस्कोपिंग म्हणतात आणि अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांनी ती १९१५च्या सुमारास शोधली. ‘टेक ऑन मी’चा दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन. हॉटेलचा भाग लंडनमधल्या एका कॅफेत चित्रित झाला. मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंजर यांनी सोळा आठवडे बसून तीन हजारांच्या आसपास चित्रं पेन्सिलनं काढली. त्याआधी १९८४ मध्ये हेच गाणं दुसऱ्या ध्वनिमुद्रणात आणि दुसऱ्या, साध्यासुध्या व्हिडिओसह आलं होतं. पोरं निळ्या पडद्यापुढं गातात, बस्स. ते फारसं कुणी ऐकलं नाही. निर्माते अ‍ॅलन टार्नी यांनी नव्यानं घडवलेलं गाणं आणि हा व्हिडिओ एकत्र आल्यावर ऑक्टोबर १९८५ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८६ च्या एमटीव्ही पुरस्कारांत त्याला सहा मिळाले. २०२० मध्ये यूट्यूबवर त्यानं शंभर कोटींचा आकडा ओलांडला, त्यातल्या थोड्याफार वेळा माझ्याच.

गाण्याबद्दलही सांगायला हवं, नाहीतर सगळं श्रेय पेन्सिललाच जाईल. सुरुवातीची ती सिंथेसायझरची धावती ओळ बँडमधल्या मॅग्ने फुरुहोल्मेनची. ती एकदा डोक्यात शिरली की दिवसभर निघत नाही. गायक मॉर्टन हार्केट ध्रुवपद खालच्या पट्टीत धरतो आणि ओळीगणिक वर चढत जातो, जवळजवळ अडीच सप्तकं. वरचा शेवटचा स्वर तो नुसत्या बारीक आवाजात ठेवून देतो. आमची हुंदकेवाली मैत्रीण मधल्या सुट्टीत हे म्हणून दाखवायची आणि नेमकी त्या स्वराला फुटायची. २०१७ मध्ये आ-हानं नॉर्वेतल्या गिस्के बेटावर हेच गाणं संथ लयीत, जवळजवळ विलापासारखं गायलं. पुष्कळांना ते जास्त आवडतं. मला नाही. धावणं काढून घेतलं की या गाण्यात पळून जायची घाई उरत नाही, आणि चौदाव्या वर्षी आम्हाला तीच तर हवी होती.

शेवटाबद्दल आमच्या बॅचमध्ये अजून भांडण आहे. नायक भिंतींवर आदळत, क्षणात चित्र, क्षणात माणूस, असा होत अखेर हाडामांसाचा होतो आणि ती धावत त्याच्याकडे जाते. आम्ही इतकी वर्षं तिथं सुखी होतो. मग इंटरनेट आलं आणि कळलं की आ-हाच्या पुढच्या, ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही’ या गाण्याच्या सुरुवातीला तो पुन्हा रेषारेषांचा होऊन तिला सोडून जातो. हुंदकेवाली म्हणते, हे पाहायलाच नको होतं. माझं म्हणणं, रेष थरथरत होती तेव्हाच कळायला हवं होतं. तिसरी बँकेत आहे. तिचं मत असं की या सगळ्यात नुकसान वेट्रेसचं झालं, त्या कॉफीचे पैसे शेवटपर्यंत कुणीच दिलेले नाहीत.