न्हाणी कुठंय?

रात्रशाळेत इतिहासाचा तास म्हणजे निम्मा वर्ग जांभया देतो. त्यांचा दोष नाही. बहुतेक जणी पहाटेपासून चार घरची धुणीभांडी उरकून आलेल्या असतात. म्हणून एका रविवारी धडा बाजूला ठेवून त्यांना पुण्याच्या गंज पेठेत फुले वाड्यावर, म्हणजे जोतीराव-सावित्रीबाईंच्या घरी नेलं. तसं आमचं नातं जवळचंच. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मजूर-शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती.

कौलारू छप्पर, लाकडी खांब, भिंतींवर तसबिरी. तरुण पोरींनी आधी सेल्फी काढून घेतले. मी ठरलेलं सांगू लागले: सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१, गाव नायगाव, १८४८ ला भिडे वाड्यात मुलींची शाळा. मग १८६३ वर आले. विधवा बाईला दिवस गेले की तिच्यापुढे जीव देणं किंवा मूल मारणं एवढंच उरायचं. अशा बायांसाठी या दोघांनी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या नाहीतर इथं ठेवा. १८८४ पर्यंत पस्तीस जणी येऊन गेल्या, असं जोतीरावांनीच लिहून ठेवलंय.

आमच्या वर्गात एक मावशी आहेत, बाळ-बाळंतिणीला मालीश करून अंघोळ घालायचा त्यांचा धंदा. त्यांनी मला मध्येच तोडलं.

"मॅडम, न्हाणी कुठंय?"

"कसली न्हाणी?"

"पस्तीस बाळंतिणी म्हणताय. पाणी कुठं तापवायच्या? शेक कुठं द्यायच्या?"

आणि त्या तडक विहिरीकडे गेल्या. आत डोकावल्या, तिथून घरापर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. एका बाळंतिणीला रोजच्या किती घागरी, दुपटी किती, शेगडीला कोळसा किती, हा हिशेब त्यांनी बोटांवर मांडला. आता बाकीच्याही जाग्या झाल्या. एक पोरगी म्हणाली, "सावित्रीबाई मास्तरीण होत्या, त्या कशाला पाणी तापवतील?" मावशी वसकन म्हणाल्या, "चोरून आलेल्या बाईला मोलकरणीच्या हाती देतात व्हय? गावभर होईल." हा मुद्दा मला कुठल्याच गाईडमध्ये सापडला नसता. त्यातल्याच एका विधवेचा मुलगा यशवंत या दांपत्यानं १८७४ मध्ये दत्तक घेतला आणि पुढे तो डॉक्टर झाला, हे सांगितल्यावर मावशींनी नुसतीच मान हलवली. घरात एवढी बाळंतपणं बघितलेलं पोर डॉक्टरच होणार, असा त्यांचा चेहरा.

मागच्या अंगाला जोतीरावांच्या समाधीपाशी जरा टेकलो. १८९० मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे पुढे धरायचं मडकं, सावित्रीबाईंनी धरलं होतं, हे सांगून झालं. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन त्या यशवंताच्या दवाखान्यात गेल्या नि त्याच रोगानं १० मार्चला गेल्या, हेही सांगितलं. पण गप्पा पुन्हा बाळंतपणावर.

तेव्हा मोबाईलवर मुक्ता साळवेचा निबंध काढला. मुक्ता मातंग समाजातली, फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी. निबंध १८५५ चा, 'ज्ञानोदय' नियतकालिकात छापलेला. त्यात ती विचारते की आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील?

मावशींनी ते वाक्य दोनदा वाचायला लावलं.

"केवढी होती म्हणालात?"

"चौदा-एक वर्षांची."

"मला याची झेरॉक्स द्या," त्या म्हणाल्या. "आणि अक्षर मोठं करून आणा. माझं मीच वाचणार."