तेराव्या महिन्यातला जन्म

आमच्या मुलीचा जन्म ८ सप्टेंबर २००६ रोजी आदिस अबाबाला झाला. त्या वेळी माझे यजमान तिथल्या भारतीय दूतावासात नेमणुकीवर होते. हाती आलेल्या अम्हारिक दाखल्यावर मात्र तारीख होती ३ पाग्युमे १९९८ आणि वेळ तीन वाजून वीस मिनिटे. इथिओपियाच्या पंचांगात तीस-तीस दिवसांचे बारा महिने संपले की पाच किंवा सहा दिवसांचा पाग्युमे हा तेरावा महिना येतो, आणि तो आपल्या अधिकमासासारखा अधूनमधून नव्हे, तर दरवर्षी येतो. त्यांचे वर्ष इंग्रजी वर्षाच्या सात-आठ वर्षे मागे चालते, आणि दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजले जात असल्यामुळे तिथले तीन वीस म्हणजे आपले सकाळचे नऊ वीस. साताऱ्याला सासूबाई पत्रिकेसाठी जन्मवेळेची वाट पाहत होत्या. हा सहा तासांचा फरक वेळीच लक्षात आला नसता, तर पत्रिकेतले लग्नच चुकले असते.

पत्रिकेपेक्षा महत्त्वाचे काम पुढे होते. इथिओपियाचे नागरिकत्व केवळ तिथे जन्मल्याने मिळत नाही, आणि आपल्या नागरिकत्व कायद्याच्या चौथ्या कलमानुसार ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करावी लागते. आम्ही अम्हारिक दाखल्याचे इंग्रजी भाषांतर करून घेतले, दोघांचे पासपोर्ट आणि विवाहाचा दाखला जोडला, आणि मुलीकडे दुसऱ्या कोणत्याही देशाचा पासपोर्ट नाही असे प्रतिज्ञापन दिले. स्वतःच्या मुलीच्या कागदावर यांनी सही करणे योग्य नव्हते. ती सहकारी अधिकाऱ्याने केली. इंग्रजी तारीख असलेला नोंदणीचा दाखला हाती आला तेव्हा बाळ दोन महिन्यांचे होते, आणि मला त्या दिवशी खरोखर हायसे वाटले.

पुढच्या नेमणुकीच्या देशात एका शाळेने मूळ दाखला पाहून जन्मवर्ष १९९८ असे लिहून टाकले. चार वर्षांची मुलगी कागदावर बारा वर्षांची झाली! दूतावासाचा दाखला दाखवून ती नोंद दुरुस्त करून घेण्यात तीन आठवडे गेले. दर तीन वर्षांनी घर, भाषा, शाळा आणि मैत्रिणी बदलणाऱ्या मुलांची ओळख शेवटी अशा एखाद्या कागदावर टिकून असते, हे मला तेव्हा फार तीव्रतेने जाणवले. तो दाखला मी त्यानंतर कधीही सामानाच्या खोक्यांत जाऊ दिला नाही. प्रत्येक बदलीत तो माझ्या हातातल्या पिशवीतच राहिला.

२०२२ मध्ये हे निवृत्त झाले आणि आम्ही पुण्यात स्थायिक झालो. तिघांचेही मरून रंगाचे राजनैतिक पासपोर्ट दिल्लीला पतियाळा हाउसमध्ये जमा करून त्याचे प्रमाणपत्र घेतले आणि साध्या निळ्या पासपोर्टसाठी अर्ज केले. मुलगी पंधरा वर्षांची झालेली असल्यामुळे तिला दहा वर्षांच्या मुदतीचा पासपोर्ट मागता आला. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जन्माचा पुरावा मागितला गेला, तेव्हा मी तोच दाखला पुढे ठेवला. तिथल्या बाईंनी तो वाचला, मूळ प्रत परत केली आणि पुढच्या खिडकीकडे पाठवले.

पासपोर्ट टपालाने घरी आला, तेव्हा मुलीने आधी जन्मस्थळाची ओळ वाचली. तिथे आदिस अबाबा असे नीट छापलेले होते.