सर्वांत स्वच्छ डिटेक्टर

फायर अलार्मच्या वार्षिक चाचणीत निम्मा वेळ धूर सोडण्याआधीच जातो. हूटर, लिफ्ट, एसीचे ब्लोअर आणि आग विझवणारा गॅस सोडणारी यंत्रणा अलार्मच्या नियंत्रण पॅनलवरून आधी वेगळी केली नाही, तर धूर ओळखणाऱ्या एका डिटेक्टरच्या चाचणीपायी अख्खी इमारत रस्त्यावर येते. काम संपल्यावर हे सारे पुन्हा जोडायला विसरणे हा तर त्याहून मोठा अपराध, आणि तो घडलेला मी पाहिलेला आहे.

त्या दिवशी रेकॉर्ड रूमपर्यंत सगळे सुरळीत चालले होते. खाली फायलींनी गच्च भरलेले रॅक आणि छताला एकच ऑप्टिकल डिटेक्टर. लांब दांड्यावरचा कप मी त्याच्याभोवती बसवला, टेस्ट स्मोक सोडला आणि पॅनलवर बसलेला सहकारी वॉकी-टॉकीवर डिटेक्टरचा पत्ता, म्हणजे पॅनलवरची त्याची ओळख, वाचून दाखवील म्हणून थांबलो. अर्धा मिनिट गेला. "सर, काहीच आलं नाही," तो म्हणाला. दुसऱ्यांदा धूर सोडला, तरी तेच. मग चुंबक लावला, तर डिटेक्टरचा लाल दिवा तत्काळ लागला आणि पॅनलवर रेकॉर्ड रूमचे नाव उमटले.

शिडी लावून वर गेलो. छताला आणि डिटेक्टरला एकच पांढरा रंग होता. कडेला नख घातले, तेव्हा रंगाच्या पापुद्र्याखालून नारिंगी प्लास्टिक डोकावले. बांधकामाची धूळ आत जाऊ नये म्हणून नव्या डिटेक्टरवर जे टोपण असते ते कोणी काढलेच नव्हते, आणि छत रंगवताना त्याच्यावरूनच फवारा फिरला होता. यात रंगाऱ्याला मी बोल लावणार नाही. टोपण काढणे हे यंत्रणा सुरू करून देणाऱ्याचे काम होते.

चुंबकाने आतला रीड स्विच मिटतो आणि डिटेक्टर पॅनलला अलार्म कळवतो. यातून वायरिंग, पत्ता आणि सर्किट तपासले जाते. धूर आतल्या काळ्या कप्प्यात पोहोचतो का, तिथे एलईडीचा प्रकाश धुराच्या कणांवरून विखुरून प्रकाश टिपणाऱ्या फोटोडायोडवर पडतो का, याचा त्याने काहीही उलगडा होत नाही. तरीही चुंबक लावत एका दिवसात दीडदोनशे डिटेक्टर उरकणारे लोक आमच्या धंद्यात आहेत, आणि ग्राहकाला तेच आवडतात, कारण ते लवकर जातात.

मला मात्र अधिक छळतो तो पॅनलचा प्रिंटआउट. कप्प्यात धूळ साचू लागली की तीही प्रकाश विखुरते, त्यामुळे डिटेक्टरचे स्थिर मूल्य, म्हणजे धूर नसतानाचा आकडा, हळूहळू वर सरकते. पॅनल ते सांभाळून घेते आणि मर्यादा ओलांडली की सफाईची सूचना देते. त्या मजल्यावरच्या बाकी सर्व डिटेक्टरांची मूल्ये 3 वर्षांत चढली होती. याचे जवळपास पहिल्या दिवसाइतकेच होते. आम्ही त्याला सर्वांत स्वच्छ डिटेक्टर समजत आलो. आदल्या वर्षीच्या अहवालावर त्याच्यापुढे "ठीक" अशी खूण आहे आणि खाली सही माझी आहे. त्या वर्षीच्या चाचणीत स्मोकचा कॅन संपला होता, म्हणून शेवटचा मजला मी चुंबकावर उरकला होता.

टोपण काढून पुन्हा धूर सोडला, तेव्हा डिटेक्टरने 9 सेकंदांत अलार्म दिला. इमारतीच्या व्यवस्थापकांनी अहवालात "साफसफाई केली" एवढेच लिहावे असे सुचवले. त्यांनाही वर उत्तर द्यायचे होते, हे मला कळत होते. मी "टोपण बसवलेले आढळले, आतापर्यंत धुराला प्रतिसाद नव्हता" असे लिहिले आणि आदल्या वर्षी चाचणी फक्त चुंबकाने झाली होती, हेही खाली नोंदवले.

घरी येऊन जुने अहवाल काढले. ज्या डिटेक्टरांना मी चुंबकावर "ठीक" म्हटले होते त्यांची यादी केली, तेव्हा 4 इमारतींतले 37 निघाले. त्यांपैकी 21 मी धुराने पुन्हा तपासले आहेत. उरलेले 16 ज्या इमारतीत आहेत, तिथले काम आता दुसऱ्या कंत्राटदाराकडे आहे. त्याला यादी पाठवली आहे, उत्तर अजून आलेले नाही.