"मी तर फक्त डेटा साफ करते"

आकाश निरीक्षणाच्या पुढच्या मोहिमेचं नेतृत्व कोण करणार, असं बैठकीत विचारताच सगळ्यांच्या नजरा मोठी दुर्बीण असलेल्या संस्थेकडे वळल्या. मागच्या रांगेतली एक संशोधक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "मी तर फक्त डेटा साफ करते."

ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. कोणत्या रात्रीची निरीक्षणं ढगांनी बिघडली, कोणता कॅमेरा कधी दगा देतो, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

१७ ऑगस्ट २०१७ आठवला. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मृत ताऱ्यांच्या अतिघन अवशेषांच्या) टकरीतल्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळातले सूक्ष्म तरंग, लायगो-व्हर्गो या शोधयंत्रांनी टिपल्या आणि त्या टकरीचा प्रकाश शोधायला सुमारे ७० वेधशाळा मागावर निघाल्या. तो प्रकाश सर्वांत आधी सापडला चिलीतल्या जेमतेम १ मीटरच्या स्वोप दुर्बिणीला! त्या चमूने जवळच्या दीर्घिकांची यादी करून आधी कुठे बघायचं ते ठरवलं होतं. (माझ्या पाहण्यात तरी अशा याद्या बहुतेकदा तरुण मुलंच करतात.)

मग अशा मोहिमा आखणाऱ्या देशपातळीवरच्या कार्यगटांची सूत्रं उपकरणं असणाऱ्यांकडेच का? प्रत्येक गटात एक सहसमन्वयक तरुण संशोधकांतूनच हवा, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडे मोहीम आखायला एखाद्या विद्यार्थ्याला शेवटचं कधी बोलावलं होतं?