पाऊस, लाईट नाही आणि रॉजर अ‍ॅक्रॉइड
आज मालवणात सकाळपासून पाऊस आणि लाईट गेलेली, नेटवर्क पण नाही, मग पडवीत बसून आत्याला अगाथा ख्रिस्तीबाईंची रहस्यकथा 'मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' मराठीत सांगत सांगत वाचून दाखवली. १९२६ चं पुस्तक आहे, आता स्पॉयलर कसला, गोष्ट सांगणारा डॉक्टरच खुनी!! पण मला खरी मजा येते ती वेगळ्याच गोष्टीची, हा माणूस आपल्याशी खोटं बोलतच नाही हो. नऊला वीस कमी असताना पत्रं आत आली, नऊला दहा कमी असताना मी निघालो, असं सरळ लिहून मोकळा. मधल्या दहा मिनिटांत काय केलं ते आपण विचारतच नाही.

आत्या दोन मिनिटं गप्प, मग म्हणाली, "मेल्यान सगळा सांगल्यान, फक्त धा मिन्टां गिळल्यान!"

काहींना ही फसवणूक वाटते, मला नाही वाटत. ख्रिस्तीबाईंच्याच 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'चा शेवट जास्त गाजला पण माझं मत डॉक्टरलाच. आत्याने तो शेवट ऐकलेला नाही, कमेंटमध्ये कोणी फोडू नका प्लीज, ती सगळं वाचते 😄