लाईन सोडली आणि टँकर धरला, माझा अनुभव

लाईनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रकवर, होतो तेव्हा माझा पगार किती हे मला स्वतःलाच धड सांगता यायचं नाही. शेठ बोलणार तो आकडा वेगळा, वर भत्ता, डिझेल वाचवलं तर त्याचे थोडे, आणि मग त्यातूनच रस्त्यात अडवणाऱ्यांना द्यायचे पैसे, धाब्याचं जेवण, ताडपत्री बांधायला माणूस, पंक्चर, आणि शेवटी हातात काय उरलं ते घरी आल्यावर बायको मोजणार. पनवेलजवळच्या कळंबोली स्टील मार्केटला कॉइल, म्हणजे पत्र्याची जाड गुंडाळी, भरायची, कधी दिल्ली साइड तर कधी होसूर-बंगळूर, आणि रिटर्न भाडं मिळेपर्यंत तिथेच पडून राहायचं. हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी अडकून पडल्याचे, पैसे पार्टी शेठला देते, त्यातले ड्रायव्हरपर्यंत किती येतात ते लाईनवाल्यांना सांगायला नको.

२०२४ च्या जानेवारीत हिट अँड रनच्या कलमावरून ड्रायव्हर लोकांचा संप झाला ते आठवत असेल. कलम १०६(२), दहा वर्षांपर्यंत शिक्षा. जुलैत नवीन कायदा, भारतीय न्याय संहिता, लागू झाला तेव्हा तेवढं कलम बाजूला ठेवलं, पण घरच्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. बायको म्हणाली, अहो इथलंच काहीतरी बघा ना, पगार थोडा कमी असला तरी चालेल. मला मात्र कमी चालणार नव्हता, कामोठ्यात भाड्याचं घर, पोरगं बारावीला, कमी पगारात घरी बसून रोज भांडणंच झाली असती.

मग शोधाशोध. पहिलं डोळ्यासमोर येतं ते कंटेनर, जेएनपीटी म्हणजे न्हावा शेवा बंदर, तिथून सीएफएस म्हणजे बंदराबाहेरची कंटेनरची यार्डं, एवढंच लोकल. ऐकायला मस्त. पण बहुतेक ठिकाणी पैसे ट्रिपवर, आणि पोर्टच्या गेटला लाईन लागली की गाडीबरोबर तुमची कमाई पण उभी. माझा मावसभाऊ तेच करतो, घर गव्हाण फाट्याच्या जवळ आणि गडी दोन दोन दिवस घरी नाही, केबिनमध्येच झोपतो. मग ती लाईनच झाली ना, फक्त किलोमीटर कमी. सिटी बसला ठेकेदाराकडे विचारलं, तिथे पॅसेंजर बॅज लागतो, तो काढला असता पण पगार ऐकून चहा न पिताच उठलो. सीएफएसमध्ये रीच स्टॅकर, म्हणजे कंटेनर उचलायचं मशीन, चालवणाऱ्यांना पैसे बरे आहेत पण सगळ्यांना अनुभवी ऑपरेटर पाहिजे, आणि अनुभव यायला आधी कुणीतरी मशीनवर बसवलं पाहिजे. ॲपवाली टॅक्सी म्हणजे आधी कर्ज, तो विषय मी काढलाच नाही.

रस्ता सापडला तो नावडे फाट्यावर. चहाच्या टपरीवर एक टँकरवाला, कंपनीचा शर्ट, पायात सेफ्टी शूज, दुपारी चारच्या आसपास निवांत बसलेला. म्हटलं दादा ड्युटी सुटली का, तर म्हणे सुटली, पोराला क्लासला सोडायचंय. त्यानेच लायसन काढून दाखवलं. हेवी तर माझ्याकडे पण होतं, त्याच्याकडे जास्तीची एकच गोष्ट होती, हजार्डसची एंट्री, म्हणजे धोकादायक माल न्यायची लायसनवरची नोंद. म्हणे तळोजा, रबाळे, पातळगंगा सगळीकडे केमिकल, माल उतरतो जेएनपीटीच्या टँक फार्मला, म्हणजे साठवायच्या मोठ्या टाक्यांना, आणि एंट्रीवाले ड्रायव्हर शोधून सापडत नाहीत. हेवीवाले हजार आहेत हो, त्यात आपण पण एक.

आता ही एंट्री काय भानगड आहे ते सांगतो, कारण यात लोक फार फसतात. सेंट्रल मोटार व्हेईकल रूल्स १९८९ चा नियम ९ आहे. त्याप्रमाणे धोकादायक माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं ट्रेनिंग करावं लागतं, त्याचं सर्टिफिकेट घेऊन आरटीओत लायसनवर नोंद करून घ्यायची. आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी वाचता लिहिता आलं पाहिजे असं नियमातच आहे. इंग्रजीचं ऐकून मी जरा गार पडलो होतो, पण एवढी वर्षं बोर्ड वाचत आणि बिल्टी बघत गाडी चालवल्यावर अक्षरओळख असतेच, बाकी पोरीने वहीत फ्लेमेबल, करोझिव्ह, टॉक्सिक असे शब्द लिहून दिले आणि रोज रात्री विचारायची.

एक एजंट भेटला, म्हणे ट्रेनिंगला यायची गरज नाही, फोटो आणि पैसे द्या, सर्टिफिकेट घरपोच. नाही म्हटलं. साधूपणा वगैरे काही नाही, मागे बावीस टन पेटणारा माल घेऊन फिरायचं आणि आपल्याला काहीच माहीत नाही हे मला जमणार नव्हतं. फी भरून व्यवस्थित बसलो, एका मोठ्या ट्रिपच्या भत्त्यात भागली.

ट्रेनिंगमध्ये डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग वगैरे असतं, ते अर्धं आपल्याला येतंच. खरी किंमत मालाच्या माहितीला. टँकरवर जो पिवळा-नारंगी बोर्ड असतो आणि त्यावर चार आकडी नंबर, तो मी इतकी वर्षं ओव्हरटेक करताना बघितला, त्याचा अर्थ तिथे कळला. १२०३ पेट्रोल, १२३० मिथेनॉल, १२९४ टोल्यूइन, १८३० सल्फ्युरिक ॲसिड. गाडी पलटी झाली तर फायर ब्रिगेडवाला लांबून आधी तो नंबर बघतो, कारण सगळ्यावर पाणी मारून चालत नाही. सल्फ्युरिकवर पाणी पडलं तर ते उकळून उडतं. केबिनमध्ये ट्रेम कार्ड, म्हणजे त्या मालाचं इमर्जन्सी माहितीपत्रक, ठेवायचं, त्यात गळती झाली तर काय करायचं, अंगावर पडलं तर काय करायचं, सगळं लिहिलेलं असतं. ते कार्ड सीटखाली कोंबून ठेवायचं नसतं हे वेगळं सांगायला लागतं, यावरून समजून घ्या.

आरटीओचं काम आता सारथी या सरकारी वेबसाइटवरून सुरू होतं. माझं लायसन साताऱ्याचं, एमएच ११, आधी आधारवर कामोठ्याचा पत्ता करून घेतला मग लायसनवर, आणि मग एंट्रीचा अर्ज पनवेलला. फॉर्म १ए वर डॉक्टरचं मेडिकल जोडलं. हेलपाटे झाले, एकदा सर्व्हर बंद, एकदा स्कॅन नीट दिसत नाही म्हणून परत, पण काम झालं. आणि हो, ही एंट्री तीन वर्षांचीच असते, साधं ट्रान्सपोर्ट लायसन पाच वर्षांचं. दोन्ही तारखा वेगळ्या, हे खूप जणांच्या लक्षात राहत नाही.

कंपनीत इंटरव्ह्यू म्हणजे निम्मा मेडिकल. शुगर, बीपी, डोळे, कान. लाईनवाल्यांची शुगर कुठे असते ते माहीतच आहे, माझी काठावर होती, सुटलो. पोलीस व्हेरिफिकेशन पण मागितलं. पण घाम फुटला तो टेस्टला. टँकरमध्ये पाणी भरलेलं, तेही मुद्दाम निम्मंच. बाजूला सुपरवायझर. मी आपला कॉइलच्या सवयीने यार्डात ब्रेक मारला, गाडी थांबली, आणि मग मागून धक्का बसला. गाडी हातभर पुढे सरकली. कॉइल जागची हलत नाही, साखळी तुटली तर ती सरळ केबिनमध्येच येणार ही भीती वेगळी, पण तोपर्यंत ती गप्प असते. पाण्याचं तसं नाही, तुम्ही थांबलात तरी ते थांबत नाही, पुढच्या पत्र्यावर आपटतं, परत मागे जातं, परत येतं. सुपरवायझर म्हणाला, "मामा, पाय उचलू नका, दोन लाटा जाऊ द्या." आतमध्ये भोकं पाडलेले आडवे पडदे असतात काही टँकमध्ये, ते पुढची-मागची लाट तोडतात, पण वळणावर माल बाजूला चढतो तेव्हा त्यांचा काही उपयोग नाही. म्हणून कळंबोली सर्कलला तुम्हाला एखादा टँकर बैलगाडीसारखा वळताना दिसला तर मागून हॉर्न मारू नका प्लीज, तो ड्रायव्हर बरोबर करतोय.

दुसऱ्या फेरीला जमलं. मग आठवडाभर जुन्या ड्रायव्हरबरोबर बाजूच्या सीटवर.

आता काम असं. सकाळी गेटवर दारूच्या तपासणीसाठी तोंडात नळी धरून फुंकायचं, मोबाईल जमा, सायलेन्सरमधून ठिणगी बाहेर येऊ न देणारा स्पार्क अरेस्टर चेक, लोडिंगला उभं राहिलं की पहिलं अर्थिंगची क्लिप लावायची मग बाकीचं, नाहीतर स्टॅटिकची एक ठिणगी पुरते. टँक काठोकाठ भरत नाहीत, उन्हात माल फुगतो म्हणून जागा सोडतात. मग करळ फाटा, गव्हाण फाटा, कळंबोली, नावडे, तळोजा. अनलोडिंग कंपनीची माणसं करतात, व्हॉल्व्हला मी हात लावत नाही. सर्कलला तासभर अडकलो तरी माझं काही जात नाही, पगार महिन्याचा आहे.

पैशाचं बोलतो कारण सगळे तेच विचारतात. ग्रॉस चौतीस हजार, ओव्हरटाईम वेगळा, पीएफ कापतात बारा टक्के आणि तेवढेच कंपनीचे. ग्रॉस २१,००० च्या वर असल्यामुळे ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, नाही, त्याऐवजी मेडिक्लेम आहे, त्यात बायको-पोरं आहेत का ते जॉइन व्हायच्या आधी विचारून घ्या, काही ठिकाणी नुसता ड्रायव्हरच असतो. लाईनवर चांगल्या महिन्यात यापेक्षा जास्त हातात दिसायचे हे खरं आहे, पण वाईट महिने पण होते आणि बाहेरचं खाणं त्यातूनच जायचं. आता डबा घरचा. एक नुकसान सांगतो, मोकळा रस्ता गेला. पहाटे उदयपूरच्या पुढे रिकाम्या हायवेवर गाडी चालवायची मजा इथे नाही, इथे फर्स्ट-सेकंडच्या पुढे गिअर जायला दुपार होते.

कुणाला यायचं असेल तर इंटरव्ह्यूला जाताना हे विचारा: सॅलरी स्लिप मिळते का, ठेकेदाराच्या नावावर घेणार की कंपनीच्या, अनलोडिंग कोण करतो, आणि नाईट हॉल्ट किती. पीपीई किट, म्हणजे अंगावर घालायचं सेफ्टीचं सामान, कोण देतं ते पण. ॲसिडचा टँकर देणार असतील तर सूट आणि फेस शील्ड बघितल्याशिवाय सही करू नका. लायसनची झेरॉक्स दोन्ही बाजूंची लागते, आणि हजार्डसची तारीख संपायला दोनेक महिने असतील तर आधी रिन्यू करून मगच जा, नाहीतर गेटवरूनच परत पाठवतात.